लिंबाला जामीन बोराटी

मी बँकेत कारकून आहे. आमच्या हुद्द्याला हल्ली कागदोपत्री भारदस्त इंग्रजी नाव आलं आहे, पण पगाराची चिठ्ठी पाहिली की कारकून हाच शब्द आठवतो. बावीस वर्षं हे काम केल्यावर माणसाला जग दोनच रकान्यांत दिसू लागतं : नावे आणि जमा. लग्नाच्या पंगतीला बसलो तरी माझ्या डोक्यात पहिला हिशेब येतो तो हा, की या घरानं आपल्याकडच्या बारशाला किती आहेर केला होता. आमची ही म्हणते, "तुम्हाला उद्या देव भेटला तर दर्शनाआधी त्याचं पासबुक मागाल." हे काही खरं नाही. पासबुक नंतर, आधी फोटो आणि राहण्याचा पुरावा.

तर अशा माणसाला गेली काही वर्षं एक प्रश्न छळतो आहे. एखाद्यानं आपलं भलं केलं, पण भलं करायचं म्हणून केलं नाही, सहज होऊन गेलं, तर त्याचं देणं लागतं की नाही? असले प्रश्न खरं तर तत्त्वज्ञांना पडावेत. त्यांना वेळ असतो आणि संध्याकाळी कॅश टॅली व्हायची नसते. मला तो पडला डॉक्टरांमुळे.

डॉक्टरांनी माझ्या रक्तातली साखर पाहिली आणि रोज सकाळी चालायला सांगितलं. हदगावात चालायचं म्हणजे तामशाच्या रस्त्याला. गाव संपलं की दोन्ही बाजूंना शेतं लागतात, मधूनमधून बरड लागतं. पहिल्या दिवशी मी फक्त धापा टाकल्या. दुसऱ्या दिवशी आजूबाजूला पाहिलं. तिसऱ्या दिवशी एका बांधावर थांबलो (दम खायला थांबलो असं न म्हणता निसर्ग पाहायला थांबलो असं म्हणायची सोय असते) आणि पाहतो तर एका बोराटीच्या जाळीतून लिंबाचं झाड सरळ वर आलेलं. लिंब म्हणजे आमच्याकडं कडुनिंब; सरबताचं ते लिंबू. जणू बोराटीनं कडेवर घेतलेलं पोर आता आईच्या डोक्यावरून पलीकडं पाहतं आहे. पुढं गेलो, आणखी एक. हिवराच्या झुडपात एक, तरवडाच्या ठोंबात एक. मोकळ्या जागेत मात्र नुसते दगड.

हे पाहून मला आमची शाखा आठवली. २०१९ साली महाराष्ट्रात ३३ कोटी झाडं लावायचा संकल्प होता. त्यांतली दहा आमच्या वाट्याची, असं मानून आम्ही शाखेच्या मागच्या मोकळ्या जागेत दहा खड्डे घेतले, दहा रोपं लावली आणि फोटोत सतराजण उभे राहिलो. पुढच्या होळीपर्यंत हिशेब असा लागला : तीन शेळीनं खाल्ली, चार उन्हानं गेली, दोघांना पाणी घालायची पाळी कुणाची यावर वाद चालू असतानाच ती वाळली आणि एकावर कुणीतरी मोटारसायकल लावली. एकूण दहा. कॅश टॅली. पण त्याच जागेच्या कोपऱ्यात, संडासाच्या भिंतीला लागून, कुणीही न लावलेली एक बोराटी होती. तिच्यात कुणीही न लावलेला एक लिंब उगवला. आज तो भिंतीच्या वर गेला आहे. त्याचा फोटो कुणी काढला नाही.

माझा पुतण्या परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकतो. त्याला हे सांगितलं तेव्हा त्यानं, काकाला अखेर साखरेमुळं का होईना अक्कल आली, अशा नजरेनं माझ्याकडं पाहिलं आणि सगळा व्यवहार समजावून सांगितला. ज्येष्ठ-आषाढात लिंबोळ्या पिकतात. बुलबुल, साळुंकी, कावळे त्या खातात आणि जाऊन बसतात झुडपांवर. पाखरू मोकळ्या मैदानात उभं राहून तर पोट साफ करणार नाही. त्यालाही आडोसा लागतो. म्हणजे बी पडतं तेच मुळी बोराटीखाली. लिंबाच्या बीचा जीव थोडा. काही आठवड्यांत रुजलं नाही तर त्याची उगवणशक्ती जाते. बोराटीखाली पाचोळा असतो, त्यामुळं माती जरा खातेली आणि ओलसर. एप्रिल-मेचं ऊन थेट पडत नाही, म्हणून मोकळ्यावरची माती तव्यासारखी तापते तेव्हा इथली कोमट राहते. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे शेळी. शेळीला लिंबाचा पाला गुळासारखा लागतो. पण बोराटीचे काटे दोन-दोन असतात, एक सरळ आणि एक आकडी. सरळ काटा टोचतो आणि आकडी काटा टोचलेल्याला धरून ठेवतो. वसुलीची एवढी चोख व्यवस्था आमच्या हेड ऑफिसकडंही नाही.

"अशा झुडपाला इंग्रजीत नर्स म्हणतात," पुतण्या म्हणाला.

मला ते नाव पटलं. नर्सही टोचते.

हे ज्ञान काही हदगावपुरतं नाही. भूमध्य समुद्राभोवतीचे देशही आमच्यासारखेच तहानलेले, फक्त त्यांचा पाऊस हिवाळ्यात आणि आमचा पावसाळ्यात; तोही आला तर. दक्षिण स्पेनमधल्या सिएरा नेवाडा डोंगरात शास्त्रज्ञांनी अठरा हजारांहून जास्त रोपं लावून पाहिली, काही झुडपांच्या आडोशाला आणि काही मोकळ्या जागेत. पूर्वी झाडं लावायची म्हटली की आधी झुडपं साफ करायची असाच तिथं दंडक होता. जसा आपल्याकडंही वृक्षारोपणाच्या आदल्या दिवशी जेसीबी येतो. २००४ साली त्यांनी निकाल मांडला तो उलटाच : झुडपांखालची रोपं मोकळ्यावरच्यांपेक्षा कितीतरी जास्त जगली. त्यातही गंमत अशी, की उन्हाच्या उतारावर आणि कोरड्या वर्षी झुडपांचा उपयोग जास्त. सावलीच्या उतारावर आणि ओल्या वर्षी कमी. सगळीच झुडपं काही दानशूर नव्हती. काटेरी आणि शेंगावर्गातली चांगली निघाली. एक सुंदर फुलांची जात मात्र खालच्या रोपांना मुळीच धार्जिणी नव्हती. दिसायला गोड आणि कामाला नडणारा असा एक जण प्रत्येक ऑफिसात असतो, त्यामुळं मला याचं नवल वाटलं नाही.

त्याआधी १९९४ साली बर्टनेस आणि कॅलवे या दोघा शास्त्रज्ञांनी यावर एक सर्वसाधारण नियमच सुचवला होता : जिथं जगणं जितकं कठीण, तिथं झाडं एकमेकांना तितकी आधार देतात, जिथं पाणी-माती भरपूर, तिथं ती एकमेकांशी भांडतात. पुतण्यानं हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, हे शोधायला अमेरिकेपर्यंत कशाला जायचं, आमच्या तालुक्यात यायचं. मोठी माणसं १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी सांगतात त्यात एका विहिरीवर सारी वाडी पाणी भरायची, एकाच्या चुलीचा विस्तव चार घरी जायचा. २०१६ च्या एप्रिलमध्ये तर लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. आणि पाऊस चांगला झाला की? तेच दोन भाऊ नांगराच्या एकेका तासानं एकमेकांचा बांध कोरतात आणि मग आमच्याकडं कोर्टाच्या फीसाठी सोनंतारण करायला येतात. आमच्या शाखेच्या व्याजाचं उत्पन्न सुकाळातही बुडत नाही, ते असं.

आता मूळ मुद्दा. लिंब मोठा झाला. बोराटीला त्याच्या देण्या-घेण्यात काय मिळालं?

मला इथं आमचा जामीनदार दिसतो. नव्या माणसाला कर्ज हवं असतं. त्याच्याकडं पत नाही, मालमत्ता नाही, फक्त हिरवेपणा आहे. तेव्हा कुणीतरी जुनं, वाळकं, काटेरी माणूस पुढं येतं आणि सही करतं. १८७२ चा भारतीय करार कायदा आम्हाला बी. कॉम.ला होता. मला त्यात एक्केचाळीस मार्क पडले, म्हणजे कायदा मला एक्केचाळीस टक्के येतो असं धरून चालायला हरकत नाही. त्याचं कलम १२८ म्हणतं, की करारात वेगळं ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. शंभरातले शंभर. पुढं कलम १४५ म्हणतं, की जामीनदारानं रीतसर भरलेली रक्कम त्याला परत देण्याचं वचन कर्जदारानं न बोलताही दिलेलंच असतं. हे कलम वाचून आजवर एकाही जामीनदाराला हसू आवरलेलं मी पाहिलं नाही.

पण बोराटीनं सही कुठं केली होती? ती नुसती उभी होती. यासाठीही कायद्यात सोय आहे. इंग्रजांनी काही सोडलेलं नाही. कलम ७० : एखाद्यानं दुसऱ्यासाठी रीतसर काही केलं, फुकट करायचा त्याचा इरादा नव्हता आणि दुसऱ्यानं त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्यानं भरपाई द्यावी. करार नसला तरी चालेल. म्हणजे सगळं गाडं अडतं ते 'इराद्या'वर. बोराटीचा इरादा काय होता?

मी हा प्रश्न मधल्या सुट्टीत आमच्या कॅशियरसाहेबांना विचारला. डबा खाताना त्यांना तत्त्वज्ञान चालतं. लोणचं कमी असलं तर जास्तच.

"इरादा बिरादा काही नाही," ते म्हणाले. "ती आपली सावली पाडत होती. हा सावलीत येऊन बसला. स्टँडवरच्या शेडखाली उभं राहिलं म्हणून काय आपण शेडचे उपकार मानतो?"

"शेड आपल्यामुळं वाळत नाही हो," मी म्हटलं. "लिंब वाढला की बोराटीचं ऊन खातो, पाणी खातो. आमच्या भिंतीजवळची निम्मी बोराटी वाळली आहे."

हेही जगभर आहे. अमेरिकेतल्या सोनोराच्या वाळवंटात तो हात वर केलेल्या पोलिसासारखा दिसणारा उंच निवडुंग असतो ना, सग्वारो, त्याचं रोप बहुधा पालो वर्दे नावाच्या झाडाच्या सावलीत वाढतं. पुढं हाच निवडुंग मोठा होऊन जमिनीतलं पाणी असं ओढतो, की ज्यानं सावली दिली ते झाड त्याच्याआधी मरू लागतं. आणि फार लांब कशाला, आपलं चंदन घ्या. चंदन म्हणजे दुसऱ्यासाठी झिजणं, ही उपमा आपण शाळेच्या निबंधापासून उगाळतो आहोत. प्रत्यक्षात चंदनाचं रोप एकट्यानं नीट वाढतच नाही. ते शेजाऱ्याच्या मुळांत मुळं घुसवून त्याचं पाणी नि खत पितं. म्हणून लावणारे त्याच्याशेजारी तूर पेरतात. सहाणेवर झिजणाऱ्याचं कौतुक सगळे करतात. त्याला पाजणाऱ्या तुरीचं कुणी काढत नाही. तिचं आपण वरण करतो.

कॅशियरसाहेबांनी डबा बंद केला आणि म्हणाले, "तुम्हाला नक्की काय म्हणायचंय? हे झाडांचं चाललंय असं मला वाटत नाही."

माणूस नोटा मोजतो, पण त्याला खोटी नोट हाताला कळते.

झाडांचं नव्हतंच. माझ्या आईचे एक चुलतभाऊ, म्हणजे माझे मामा, हदगावला स्टँडजवळ सायकलचं दुकान चालवत. दुकान म्हणजे एक टपरी, एक पंप, पंक्चर पाहायचं एक घमेलं आणि भाड्याच्या सात सायकली. बाभळीचा काटा हा मामांचा अन्नदाता. आणि खाल्ल्या अन्नाला जागून स्वभावही त्यांनी तसाच ठेवला होता. आमच्या खेड्यात शाळा सातवीपर्यंत. आठवीला मी तालुक्याला आलो तो वडलांनी एक पोतं ज्वारीसह मला मामांच्या ओसरीवर आणून ठेवलं म्हणून. मामांनी ज्वारीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि ज्वारी आत नेली. माझ्याबद्दल ते काही बोलले नाहीत. मी ओसरीवरच राहिलो. पाच वर्षं.

त्या पाच वर्षांत मामांनी मला जवळ घेतलं नाही, पाठीवर हात फिरवला नाही, अभ्यास विचारला नाही. दुकानातला एक बल्ब रात्री दहापर्यंत चालू असायचा तो त्यांच्या कामासाठी. मी त्याखाली वाचायचो. स्टँडवरची टवाळ पोरं मला सिनेमाला, पत्त्यांना बोलवायला यायची, पण मामांचं तोंड असं होतं की दुसऱ्यांदा कुणी आलं नाही. "काय रे, कुणाला हाका मारायलाव? तुपल्या घरी काम न्हाई का?" एवढ्यावर ते थांबत नसत, मी थांबतो. त्या वेळी मला वाटायचं, काय हा जाच! माझे मित्र तुटले. आज हिशेब काढतो तेव्हा दिसतं, की त्या मित्रांपैकी दोघांच्या नावानं आमच्याकडं थकबाकी आहे.

बारावी झालो, नांदेडला जाऊन बी. कॉम. झालो, परीक्षा देऊन बँकेत लागलो. फिरत फिरत हदगावच्याच शाखेला आलो. आणि एक दिवस थकीत कर्जाची यादी माझ्या टेबलावर आली. एका पोरानं काळी-पिवळी जीप घेतली होती, दोन हप्ते भरून पुण्याला निघून गेला होता. जामीनदाराला नोटीस पाठवायची. जामीनदाराचं नाव वाचलं. मामा.

नोटीस छापील होती. पाकिटावरचा पत्ता हातानं लिहायचा होता. तो मी लिहिला.

दुसरा कुणी लिहील म्हणून मी यादी बाजूला सारू शकलो असतो, सारली नाही. नियम तो नियम, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण पत्ता लिहिताना मी 'रा. हदगाव' लिहून थांबलो. त्या घराचा नंबर मला पाठ होता, कारण पाच वर्षं माझी पत्रं त्याच नंबरावर येत होती.

चार दिवसांनी मामा काउंटरला आले. पाकीट वर धरलं. साऱ्या शाखेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अक्षर काही सुधरलं न्हाई तुपलं."

मी उठून त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, "मामा, तुम्ही भरू नका. मी भरतो. तुमच्याकडं पाच वर्षं राहिलो, त्यातलं काही तरी—"

"कुणी ठिवलं होतं तुला?" मामा म्हणाले. "मी ठिवलं न्हवतं. तू राहिलास."

आणि त्यांनी पहिला हप्ता मोजून दिला. पंक्चरच्या पैशांचा, सगळ्या दहा-दहाच्या नोटा, काहींना ग्रीस. पुढं महिन्याच्या महिन्याला येऊन सगळं भरलं. एकदाही मला घेऊ दिलं नाही.

वाचकहो, कलम ७० तिथं संपलं. येणेकरीच म्हणतो आहे, की माझं काही येणं नाही, मी काही केलंच नाही. कॅशियरसाहेबांची शेड बोलू लागली तर हेच बोलेल. मग मी मोकळा झालो का? कायद्यानं झालो. पण रात्री कॅश टॅली होऊनही खिशात कुणाची तरी नोट राहिल्यासारखं वाटतं, तसं वाटत राहिलं.

लोक यावर एक सोपा उतारा सांगतात. म्हणतात, लिंबानं बोराटीचं फेडायचं नसतं. लिंबावर पाखरं बसतात, लिंबोळ्या दुसऱ्या झुडपात पडतात, तसं तुम्ही पुढच्या कुणाला तरी मदत करा, झाली फेड. ऐकायला गोड आहे, आणि करावंही. पण बँकेच्या माणसाला ते पटत नाही. एकाचं कर्ज दुसऱ्याच्या खात्यात भरलं तर पहिल्याचं खातं बंद होत नाही. या युक्तीत ऋणकोचीच सोय जास्त आहे : बोराटी वाळते आहे तिकडं पाहावं लागत नाही.

मामा आज सत्तरीच्या पुढं आहेत. टपरी बंद झाली. आता सगळ्यांकडं मोटारसायकली. गेल्या संक्रांतीला, करीच्या दिवशी, मी त्यांना गाडीवर मागं बसवून तामशाला बारालिंगाच्या भाजी-भाकरीच्या पंगतीला नेत होतो. बांधावरच्या माझ्या त्या लिंबापाशी मुद्दाम थांबलो. त्यांना सगळं सांगितलं : पाखरं, सावली, शेळी, स्पेन. बोराटीनं लिंब कसा वाढवला आणि लिंबाखाली ती आता कशी वाळत चालली आहे, हे सांगताना माझा आवाज जरासा पातळ झाला असावा.

मामा खाली उतरले. बोराटीच्या वाळक्या बाजूकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ओल्या बाजूला गेले, काट्यांतून सराईतपणे हात घातला आणि ओंजळभर लालसर बोरं काढून आणली.

"लिंबाचं काय सांगायलास," ते म्हणाले. "हिला बोरं बघ की किती आल्यात."

मी गप्प बसलो. इतकी वर्षं मी त्या झुडपाचं खातं लिंबाच्या नावानं लिहीत होतो. तिचं स्वतःचं खातं आहे, ती लिंब वाढवायला नव्हे तर बोरं धरायला उगवली होती आणि अजून धरते आहे, हे माझ्या दोन रकान्यांत कुठं बसतच नव्हतं. मामाही माझ्या शिक्षणासाठी जन्मले नव्हते. ते सायकली दुरुस्त करायला, लोकांना शिव्या द्यायला आणि नको त्या पोराला जामीन राहायला जन्मले होते. त्या गडबडीत मी वाढलो.

मग देणं? मला वाटतं, आहे. फिटणारं नाही, पण आहे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात एक कलम १८ आहे. कर्ज तीन वर्षं तसंच पडून राहिलं तर मुदतबाह्य होतं. पण मुदत संपायच्या आत कर्जदारानं 'होय, देणं आहे' एवढं लिहून सही केली, की त्या तारखेपासून मुदत पुन्हा नव्यानं सुरू होते. कर्जदारांकडून अशा सह्या घेत फिरणं हेच माझं निम्मं काम. पैसे नसतात, पण सही देतात. काहीजण सही देताना खाली मान घालतात; त्यांचं कर्ज कधी ना कधी वसूल होतं असा माझा अनुभव आहे. फेडता येत नसेल तर निदान मुदतबाह्य होऊ देऊ नये. हा लेख ही माझी तेवढी सही समजा. तीन वर्षांनी पुन्हा लिहीन.

मामांनी मला पाच बोरं दिली. आंबट होती. साखर वाढेल म्हणून मी तीनच खाल्ली; दोन खिशात ठेवली. बिया मोजून बांधाच्या कडेला, दुसऱ्या बोराटीच्या बुडाशी टाकल्या.

"फेक की तिकडं कुठंबी," मामा म्हणाले. "चल, पंगत उठंल."